भातगिरणीचा पट्टा

लग्नाआधीच्या दिवसांबद्दल बायका बोलायला लागल्या की शालू, रुखवत, मेंदी असं काय काय निघतं. मला आठवतं ते डिझेल इंजिन. रत्नागिरीच्या आमच्या घरासमोरच्या खळ्यात दुधी रंगाची जुनी मोटार बॉनेट काढून उभी होती, तिचं मूळचं पेट्रोलचं इंजिन माडाच्या बुंध्याशी गोणपाटावर ठेवलेलं होतं, आणि लग्न तोंडावर आलेलं असताना माझे वडील त्या मोटारीच्या पोटात कंबरेपर्यंत वाकलेले असायचे. पत्रिका वाटायच्या राहिल्या होत्या, ब्लाउज शिवायला टाकायचे होते, आणि मी हातात बॅटरी धरून उभी. येणारा-जाणारा विचारायचा, काय चाललंय? मला सांगता यायचं नाही. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. गाडीत एसी असतो हे आमच्या आळीत ऐकून सगळ्यांना ठाऊक होतं, पाहिला मात्र कुणीच नव्हता.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. आदल्या वर्षीच्या लांबलेल्या तापानंतर तिच्या अंगाला घामच येईनासा झाला होता. ऐकायला हे सुख वाटतं, पण घाम नाही म्हणजे अंग निवत नाही. ऊन चढलं की ती तापायची आणि बोलता बोलता तिची शुद्ध हरपायची. मग ओली फडकी, पंखा, आमची धावाधाव. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वाटेत आणि तिथे गेल्यावरही गार ठेवता आलं तर न्या, नाहीतर नेऊ नका. लग्न मे महिन्यात, तेही मुंबईला, मुलाकडच्यांच्या सोयीने. रात्री निघा असं लोक सुचवत, पण मुंबईच्या उकाड्याला रात्र काय आणि दिवस काय. "मी राहते इथेच," आई म्हणाली. इतकं सहज म्हणाली की मला तिचाच राग आला. कन्यादान काका-काकू करतील असंही तिनेच परस्पर ठरवून टाकलं.

बाबा जन्मभर शाळेत गणित शिकवलेले. ते मुंबईला गेले आणि जुन्या बाजारातून कुठल्याशा परदेशी गाडीचा निघालेला एसी गोणीत भरून एसटीच्या टपावरून घेऊन आले. आमच्या गाडीचं पेट्रोलचं इंजिन असं दमेकरी, की हातखंब्याची चढण चढताना मी मनातल्या मनात गाडी ढकलायची. त्याने एसीचा कॉम्प्रेसर ओढणं शक्य नव्हतं. म्हणून मग मासळीच्या टेम्पोतलं जुनं डिझेल इंजिन आलं. ते खळ्यात उतरवलं तेव्हा आळीतली सगळी मांजरं गोळा झाली.

काम करायला आले मिरकरवाड्याचे मेस्त्री. आयुष्य मच्छीमार लाँचची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेलं. माणूस कामाचा, पण बाबांचा जुना विद्यार्थी, आणि तिथेच घोटाळा होता. पोटापाण्याला लागून इतकी वर्षं झाली तरी बाबा पुढे आले की मेस्त्री हातातला पाना खाली ठेवून सरळ उभे राहायचे.

इंजिन बसलं, सुरू झालं, धडधडायलाही लागलं. अडलं ते पट्ट्यापाशी. कॉम्प्रेसर वर, इंजिनच्या अंगाला, वेल्डिंगने जोडलेल्या एका लोखंडी पट्टीवर, सरकवता येईल असा बोल्टने बसवला होता. खाली इंजिनच्या तोंडाशी जी पुली फिरते तिच्यापुढे दुसरी खाच हवी होती, ती लेथवर करून आणली. आता खालच्या पुलीवरून वरच्या पुलीवर पट्टा चढवला की झालं, असं मला वाटलं. पट्टा चढवायचा, पहारीने कॉम्प्रेसर मागे रेटून ताणायचा, बोल्ट आवळायचे, अंगठ्याने दाबून बघायचं आणि इंजिन सुरू करायचं. थोडा वेळ ठीक. मग चीं चीं आवाज, जळक्या रबराचा वास, आणि पट्टा खाली.

"मास्तर, ऱ्हात नाय वो," मेस्त्री म्हणत. "पुल्या एका रेषेत नसतील, दुसरं काय असणार?"

"मग रेषेत घे," बाबा म्हणत, आणि घरात जाऊन ओळंबा घेऊन येत.

हा ओळंबा गवंड्याचा, पितळी. आमचं घर चिऱ्याचं, त्याची एकेक भिंत बाबांनी स्वतः उभं राहून ओळंब्यात बांधून घेतलेली. त्या दोरीवर त्यांचा इतका विश्वास, की कपाट ठेवतानासुद्धा ती बाहेर निघायची. त्यांनी वरच्या पुलीच्या कडेवरून दोरी सोडली. मी ती वर धरली, मेस्त्री खाली गुडघ्यावर. खालच्या पुलीची कड दोरीला टेकेपर्यंत कॉम्प्रेसर इकडेतिकडे सरकवला. दोरी दोन्ही पुल्यांना अगदी चिकटली. बाबांनी मान डोलावली. मेस्त्रींनीही डोलावली, मास्तरांनी ओळंबा धरल्यावर ते वेगळं काय म्हणणार?

पट्टा पुन्हा खाली.

त्यानंतर किती वेळा तेच झालं कोण जाणे. पट्टा बदलला, पुली बदलली, वॉशर घातले, काढले. दोरी दर वेळी सांगायची की सगळं सरळ आहे, आणि पट्टा दर वेळी सांगायचा की नाही. माझं डोकं भणभणायला लागलं. बरोबर मोजलं की उत्तर बरोबर येतं असं ज्या माणसाने मला शिकवलं, तोच माणूस बरोबर मोजून रोज चुकत होता. आणि वर कुणी कुणावर ओरडतही नव्हतं! शेवटी मीच ओरडले. "नको मला लग्न! त्या पुलीला घाला अक्षता!" आणि दोरी फेकून पडवीत येऊन आईच्या खाटेवर बसले.

आई लोडाला टेकून पडली होती, कपाळावर ओलं फडकं. गाडीचं त्या बाजूचं मडगार्ड काढलेलं असल्यामुळे तिला तिथून सगळं बाजूने दिसायचं. दिवसभर दुसरं बघायला होतं तरी काय?

"काय गो, ते इंजिन मागे टेकल्यासारखं का दिसतं?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे तोंड वर आणि शेपूट खाली. मी अशी लोडाला टेकलेय ना, तसं. मला ओळंबा लावून काय कळणार आहे तुम्हाला?"

मला आधी काही कळलं नाही. मग मी तिच्या शेजारी आडवी झाले आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघितलं. खरंच, इंजिन मागच्या बाजूला कललेलं होतं. गाडीत ती बसतातच तशी. पुलीही त्याच्याबरोबर कललेली. आम्ही मात्र वरची पुली पृथ्वीच्या हिशेबाने सरळ करत बसलो होतो. घर उभं असतं म्हणून त्याला ओळंबा चालतो, इंजिन टेकलेलं असतं.

मी हे खळ्यात जाऊन सांगितलं तेव्हा बाबांनी मी फेकलेली दोरी उचलली. मग त्यांनी पितळी लोळा सोडवून खिशात टाकला आणि नुसती दोरी खालच्या पुलीच्या तोंडावर वरपर्यंत ताणून धरली, ती ज्या बाजूला कलेल त्या बाजूला कलू दिली. कॉम्प्रेसर चांगला बोटभर पुढे असल्याचं दिसलं. मेस्त्री जमिनीवर बसून हसायला लागले. बाबा हसले नाहीत. ते पडवीत गेले आणि आईच्या कपाळावरचं फडकं बदललं.

आता मापाचा चांगला पट्टा उरला नव्हता. शेवटी एका भातगिरणीवाल्याकडे बरोबर त्या लांबीचा एकच मिळाला. तो घसरतो का हे कळावं म्हणून मेस्त्रींनी त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा फराटा ओढला. पट्टा टिकला. एसीतून आधी मासळीचा वास आला आणि मग गार वारा. आईने शाल मागितली तेव्हा मला रडू कोसळलं.

कशेडी घाट गाडीने धडधडत पार केला. मेस्त्री चालवत होते, डोळे रस्त्यावर, सगळं लक्ष कानात. मुंबईत ठरलं ते असं: कार्यालयाच्या दारातच गाडी उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, आईने आत बसून राहायचं. लग्न लागलं की आम्ही दोघं बाहेर येऊन तिच्या पाया पडायचं. काकू मला म्हणाली, "नाहीतरी आपल्यात मुलीची आई अक्षता पडताना बघत नाहीच. तुळशीपाशी बसते. समज, ती तिथे बसलीय." समजायचं कसं ते मला काही कळलं नाही.

अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. त्यांच्याआडून मला दारातलं इंजिन ऐकू येत होतं, धड धड धड. मी भटजींचं काही ऐकलं नाही, फक्त तेच ऐकत होते. ते चालू आहे तोवर पट्टा चालू आहे, आणि पट्टा चालू आहे तोवर आई ठीक आहे. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि इंजिन एकदम बंद पडलं.

पट्टा गेला? आईला काही झालं? समोर कापड, मागे मामा खांदे धरून उभे, हलता येईना. अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला. नवऱ्याकडे बघायचं सोडून मी त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं. माझा नवरा ही तक्रार अजून करतो. दारात आई उभी होती. मेस्त्रींच्या हाताला धरून, चेहरा लालबुंद, आणि मूठ अक्षता टाकून रिकामी झालेली.

"पट्टा तुटला गो," मी जवळ गेले तेव्हा ती म्हणाली. "म्हटलं, आता गाडीत बसून काय करू?"

पंगती बसायच्या आत तिचं अंग तव्यासारखं तापलं आणि बाबा तिला धरून गाडीत घेऊन गेले. कुठून तरी दुसरा पट्टा पैदा केला, असं मेस्त्रींनीच मागाहून मला सांगितलं. मुंबईत परक्या ठिकाणी, इतक्या पटकन, त्या मापाचा? मला काही कळेना.

आई-बाबा परतीला निघाले तेव्हा मी निरोप द्यायला गाडीपाशी गेले. मेस्त्री बॉनेट उघडून पाणी घालत होते. सवयीने मी आत वाकले. कॉम्प्रेसरवर तोच पट्टा होता, भातगिरणीचा, पाठीवर पांढरा फराटा, कुठे साधा चरासुद्धा नाही. मी मेस्त्रींकडे बघितलं. त्यांनी बॉनेट लावलं आणि जागेवर जाऊन बसले.

मी मागच्या खिडकीशी आले. आई शाल पांघरून बसली होती. मला हसावं की रडावं कळेना. तिने माझ्या गालाला हात लावला आणि काच वर करायला लागली.

"हो बाजूला," ती म्हणाली. "गार वारा बाहेर जातोय."