बाराही महिन्यांचा डबा

एप्रिलातल्या त्या रविवारी पाळकसाहेबांनी मंडळीचं कौतुक केलं आणि तिसऱ्या बाकावर बसलेल्या साधना तायडेनं मान खाली घातली.

"हंगामाच्या सणापासून देवमनबाबांचा डबा एक दिवस चुकला नाही," साहेब म्हणाले. "विश्वासू कारभारी असेच असतात."

देवमननं चाळीस वर्षं अकोल्यातल्या या चर्चची घंटा वाजवली. आता कंबर गेली होती, चर्चमागच्या खोलीत पडून असायचा. मागंपुढं कुणी नाही. नोव्हेंबरात हंगामाच्या सणाला वेदीपुढं ज्वारी, तूर, कोहळ्यांचा ढीग लागला, लिलाव रंगला, आणि त्याच भरात चौदा घरांनी डब्याच्या पाळ्या घेतल्या. नावांचा तक्ता दाराला चिकटला. डबा पोचला की नावापुढं खूण करायची.

जानेवारीत पहिली पाळी चुकली. साधनानं घरची भाकर नेली आणि चुकलेल्या बाईच्या नावापुढं खूण करून टाकली. बिचारीला लाज नको. मग दुसरं घर चुकलं, मग तिसरं. मार्चपासून ती एकटीच रांधत होती आणि तक्त्यावर चौदा चुली पेटत होत्या. रोज डब्याचं झाकण लावताना तिला आपण साऱ्यांहून वरचढ आहोत असं वाटायचं. आणि मग दिवसभर कशातच जीव लागायचा नाही.

आता अमरावतीला तिच्या लेकीचे, दामिनीचे दिवस भरत आले होते. मंगळवारी दुपारची एसटी. निदान दीड महिना परतणं नाही. मग देवमननं खायचं काय?

सूचना संपल्या तशी ती उठून उभी राहिली.

"तो तक्ता खोटा हाये," ती म्हणाली. "दोन महिने झाले, डबा मीच नेऊन राहिली. खुणाही माह्याच."

मागून पंच शेषराव बोलले, "काहून केल्या खुणा? सांगता नाही येत होतं? आता आमी चोर अन् तुमी संत!"

"चुकलंच, भाऊ. तुमचं काम म्या तुमच्या हातातून काढून घेतलं. तुमाले कळूही नाही देलं."

"मले वाटलं, माह्या सुनेनं नेला," म्हातारी माणिकबाई म्हणाली.

"अन् मले वाटलं, तुमी!" शेजारून सून म्हणाली. कुणीतरी हसलं.

लिलावात दरसाल सर्वांत मोठी बोली लावणारा सहदेव भाजीवाला उठला. "मंगळवार माहा. बायको माहेरी हाये, पण पिठलं येते मले."

"तुले पाणी तरी उकळता येते का रे?" माणिकबाईनं विचारलं. "बुधवार माह्या नावावर लिवा."

मंगळवारी साधना प्रवासाची पिशवी घेऊनच देवमनच्या खोलीवर आली. साडेबारा झाले. एक वाजला. पत्रे तापून खोलीची भट्टी झाली होती.

"बाई, आज डबा नाही का?"

"सहदेवची पाळी हाये, बाबा."

"तो सणापुरता माणूस," देवमन म्हणाला आणि भिंतीकडं वळला.

तिच्या पिशवीत वाटेसाठी बांधलेल्या चार पोळ्या होत्या. हात दोनदा पिशवीत गेला. आता वाढलं, की पुन्हा तेच सुरू. भुकेल्या म्हाताऱ्यासमोर पोळ्या लपवून ती बसून राहिली. ही दया की दुष्टपणा, तिला ठरवता येईना. तिनं मनाशी पक्कं केलं, दीडपर्यंत थांबायचं. मग पिशवी सोडायची.

सव्वा वाजता सहदेव घामाघूम होऊन आला. बोट भाजलेलं. "गिऱ्हाईक सोडत नव्हतं, वयनी," म्हणत त्यानं डबा उघडला.

देवमननं घास घेतला, चघळला. "गुठळ्या हायेत."

"पुढच्या मंगळवारी कमी होतीन," सहदेव म्हणाला आणि पाण्याचा तांब्या भरायला गेला.

साधना धावतच एसटीत चढली. मूर्तिजापूर मागं पडलं. उद्या माणिकबाई विसरली तर? तिनं मोबाइल काढला, नंबर काढला, परत ठेवून दिला. बडनेरा येईपर्यंत असं चारदा झालं. तिनं फोन केला नाही, आणि तिला झोपही लागली नाही.