हशासाठी सोडलेली जागा

टीव्हीवरच्या एका मालिकेत ते शेजारी होते. रोज कुणाच्या तरी दारात वाटी घेऊन उभे राहायचे. कधी साखर मागायचे, कधी छत्री, आणि एकदा तर उसनी आणलेली शिडी परत पोचवायला त्याच घरातून हातगाडी मागून घेतली होती. लोकांना शेजारी आवडला आणि तेव्हापासून सगळं शहर त्यांना उसनेकाका म्हणू लागलं. त्यांच्या बायकोला ओघानेच उसनेकाकू हे नाव चिकटलं. तिने जन्मात कुणाकडे सुईसुद्धा उसनी मागितली नव्हती. भाजीवाला "काय उसनेकाकू, आज रोख का?" असं विचारून स्वतःच हसायचा आणि ती त्याचे चांगले टोमॅटो सोडून पुढच्या गाडीवर जायची.

काका त्याआधी सिनेमात होते, म्हणजे सिनेमात असल्याचं ते सांगत. वेटर केले, पोलीस केले, ट्रे पाडणारे नोकर तर किती केले याला गणती नाही. एकदा प्रेत केलं. प्रेताला शिंक येते, असा तो विनोद होता, आणि ती शिंक कशी काढली हे काका आल्यागेल्याला चहा निवेपर्यंत ऐकवायचे. अभिनय कशाशी खातात हे त्यांना माहीत नव्हतं. पडायचं कसं ते मात्र येत होतं, आणि न कुरकुरता पडणारा माणूस निर्मात्यांना स्वस्तात हवाच असतो.

खरी विद्या त्यांना मालिकेने दिली. चित्रीकरण एका पत्र्याच्या गोदामात चालायचं. समोर प्रेक्षक नव्हते, हशा नंतर टेपवरून भरायचे. म्हणून दिग्दर्शकाने पहिल्याच दिवशी बजावलं, "विनोद झाला की श्वासभर थांबायचं. तिथे आम्हाला हशा बसवायचाय. पुढचं वाक्य घाईने बोललात तर ते हशाखाली चिरडून मरतं." बाकीचे नट विसरायचे आणि बोलणी खायचे. काका एकदाही विसरले नाहीत. वाक्य टाकायचं, हनुवटी आत ओढायची, भुवया वर न्यायच्या, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघायचं आणि तसंच राहायचं. त्या वेळात मनात काय चालतं, असं बायकोने एकदा विचारलं होतं. "काही नाही," काका म्हणाले होते. "विचार करायचाच नाही. विचार आला की डोळे हलतात."

ही एकच गोष्ट ते आयुष्यात चोख शिकले, आणि शिकले ती घरीही घेऊन आले. "आज पाणी उशिरा येणार म्हणे," असं म्हणून ते थांबायचे. "दाराची कडी सैल झालीय," म्हणून थांबायचे. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती त्या जागेत हसायची. नवं लग्न होतं आणि नवरा टीव्हीवर दिसत होता. पुढे हसण्याचं स्मित झालं, स्मिताचं 'हं' झालं आणि शेवटी तेही आटलं. काकांचं काही अडलं नाही. श्वासभर थांबून ते पुढच्या वाक्याला लागायचे. घरातही हशा नंतर कुणीतरी भरेल अशी त्यांची समजूत असावी.

बायको शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, काय येईल ते. हात असा की कापड बेतताना तिला खडूची रेघ मारावी लागत नसे. तिची मोठी बहीण दुसऱ्या गावात शिवणाचा वर्ग चालवत होती. ताईने दोनचारदा सांगून पाहिलं, "वरची खोली रिकामी पडलीय. बेतायचं काम तू शिकव, शिवायचं मी शिकवते. डोळे चांगले आहेत तोवर ये. नंतर येऊन काय करशील, मला सुईत दोरा ओवून मागशील?" मुलगा परगावी नोकरीला लागला होता. या घरात आता तिची वाट बघत होती ती फक्त काकांची वाक्यं. तिला जायचं होतं, मनापासून जायचं होतं. पण नवऱ्याला न सांगता चोरासारखं निघायचं नव्हतं. एकदा समोर बसून त्याने नीट ऐकावं आणि हो किंवा नाही, काय ते बोलावं, एवढं तिला हवं होतं. संसारात इतकं मागणं काही फार नाही.

"मला ताईकडे जायचंय. राहायलाच," ती एकदा म्हणाली.

"जा की," काका म्हणाले. "येताना तिचा स्वभाव उसना घेऊन ये." आणि हनुवटी आत ओढून थांबले.

तिने समोरचा गणवेश उचलला आणि त्याची काजं करायला घेतली.

अशात एका दिग्दर्शकाच्या डोक्यात आलं की विनोदी नटाला गंभीर काम दिलं की लोक हळहळतात. हे डोक्यात येणारा तो काही पहिला नव्हता, पण त्याला वाटलं तो पहिलाच. सिनेमातल्या बापाचा तरुण मुलगा घरातून निघून गेलेला असतो आणि बाप तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात बसतो. अधिकारी विचारतो, मुलाच्या अंगावर काय होतं? काकांनी सांगायचं होतं, "माझा स्वेटर." त्यांनी ते सांगितलं आणि सवयीने थांबले. दिग्दर्शक म्हणाला, "काका, तेवढ्या भुवया खाली घ्या." काकांनी भुवया खाली घेतल्या. बाकी सगळं तेच, डोळ्यांमागे तसाच शुकशुकाट. पण भुवया खाली आल्या तशी सेटवरची माणसं स्तब्ध झाली. कुणीतरी नाक ओढलं म्हणे.

सिनेमा लागला. बायको काकांशेजारी बसून बघत होती. 'माझा स्वेटर' आलं, पडद्यावर काका थांबले आणि सगळं थिएटर मुसमुसायला लागलं. तिला एकटीला ठाऊक होतं की ही हशाची जागा आहे आणि आत्ता त्या माणसाच्या डोक्यात माशीसुद्धा नाही. तिला असं काही हसू फुटलं की तोंडात पदर कोंबून तिने मान खाली घातली. तिचे खांदे गदगदत होते. पलीकडच्या बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आपला रुमाल दिला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी काकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. त्यांच्या मौनावर रकानेच्या रकाने आले. पूर्वी त्यांच्या शिंकेवर कुणी एक ओळ लिहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती शिंक या मौनापेक्षा बरी होती. तिच्यात निदान मेहनत होती. मग सत्कार झाला. निवेदिकेने आवाज ओला करून विचारलं, "त्या शांततेत तुम्ही कुठे असता?" काका म्हणाले, "त्या क्षणी मी माझ्या माणसांकडे बघत असतो." थांबले. टाळ्यांनी जागा भरली. पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसांकडे बघतो म्हणे. घरात एकच माणूस होतं, आणि तिने चष्मा लावायला सुरुवात केली हे त्यांना कळायला वर्ष लागलं होतं.

घरी आल्यावर तिने सरळ सांगितलं, "अहो, ती हशासाठी सोडायची जागा आहे. तुम्हाला माहितीये आणि मला माहितीये."

"अगं, तू कापडं शीव," काका म्हणाले. "कलेतलं तुला काय कळतं?"

आता त्यांना शिंगं फुटली. त्यांनी मालिकेला कळवून टाकलं, "यापुढे मी पडणार नाही, आणि वाटी तर हातातच धरणार नाही." मालिकेने दुसरा माणूस आणून त्याच्या हातात वाटी दिली. लोकांनी चारसहा दिवस चुकचुकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात ते त्यालाच उसनेकाका म्हणू लागले. इकडे जुने काका गळ्याला मफलर गुंडाळून खालच्या आवाजात बोलायला शिकले. कुणी विनोद सांगितला तर नाक मुरडायचे. बायकोने ताईचा विषय काढला की हात वर करून म्हणायचे, "सध्या मी एका भूमिकेत आहे. नंतर बोलू." भूमिका कुठली, तर अजून न मिळालेली.

मिळाली तीही. या खेपेची दिग्दर्शिका कडक होती. बाप आणि मुलगी भांडताहेत, दोघं एकमेकांचं वाक्य तोडत एकदमच बोलताहेत, असा प्रवेश होता. काका एक वाक्य बोलले आणि थांबले. "थांबू नका," दिग्दर्शिका म्हणाली. काका पुन्हा थांबले. "थांबताय का?" ती म्हणाली. "समोरची पोरगी अंगावर धावून आलीय आणि तुम्ही फोटोला उभे राहिल्यासारखे काय थांबताय?" काकांना घाम फुटला. तोंड उघडायचं, पण श्वास जाईपर्यंत आवाज म्हणून बाहेर पडायचा नाही.

घरी येऊन त्यांनी बायकोच्या पुढ्यात कागद टाकले. "तू मुलीचं वाच. माझ्या वाक्यावर वाक्य टाक. ही खोड मोडायला हवी." तिला चांगलंच सुनावता आलं असतं, कलेतलं कापडवालीला काय कळतं म्हणून. तिने सुनावलं नाही. काम म्हणजे काम. मशीन बंद करून ती रोज स्वयंपाकघरात त्यांच्यासमोर बसली आणि वाक्यावर वाक्य टाकू लागली. ती वाचायची सुद्धा छान, हे काकांच्या लक्षात आलं नाही. मुलगी बापाला म्हणते, "बाबा, तुम्ही माझं कधी ऐकूनच घेतलं नाही," तिथे एकदा तिचा आवाज असा लागला की तिचं तिलाच पुढचं दिसेना. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"चांगलं बोललीस," काका म्हणाले. "पण जरा पटकन संपव. मला माझी जागा सापडत नाही."

खोड मोडली नाही. दिग्दर्शिकेने काकांना गोड बोलून घरी पाठवलं आणि दुसरा बाप आणला. त्यानंतर फोन वाजेना. काका गॅलरीत बसून नव्या पिढीला शिव्या द्यायचे, प्रत्येक शिवीनंतर थांबायचे आणि खालून जाणाऱ्या माणसांपैकी कुणीही वर बघायचं नाही. बायकोला त्यांची कीव यायला हवी होती. थोडी आलीही. पण कीव आली की काकांना ती लगेच कळायची, आणि त्यांना वाटायचं, कौतुक आलं.

शेवटी एका वाहिनीचा माणूस घरी आला. नवोदितांच्या विनोदाची स्पर्धा होती. मंचावर लाल मखमलीची खुर्ची ठेवलेली, तीत बसून पाहुण्याने हसायचं. "पोरं विनोद सांगून थांबतात आणि तिथे काहीच होत नाही," तो म्हणाला. "तुम्हाला जागा कळते." काकांना आकाश ठेंगणं झालं. गंभीर कलेचा मफलर त्याच दिवशी कपाटात गेला.

आणि खुर्ची त्यांना शोभली, हे कबूल करावंच लागेल. पोरगं बोलायचं, थांबायचं आणि काका हसायचे. मान मागे टाकून, मांडीवर थाप मारून, चष्मा कपाळावर सरकवून डोळे पुसत. दुसऱ्याच्या वाक्यावर हसताना त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. आता त्यांना तेवढंच काम होतं. त्यासाठी ऐकायची गरज नव्हती. समोरचा कुठे थांबतो एवढं पकडायचं, बाकी शब्द कुठलेही असोत. या नव्या धंद्यातही ते लवकरच तयार झाले आणि सरावात खंड नको म्हणून घरी रेडिओवरच्या बातम्यांनासुद्धा हसू लागले.

एका सकाळी बायकोने रेडिओ बंद केला. दोघांचा चहा आणला आणि त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसली. आज बोलायचं हे तिने ठरवलं होतं. वाक्यंही मनात बेतून ठेवली होती, कापड बेतावं तशी, कुठे जास्त नको आणि कुठे कमी नको.

"ऐका," ती म्हणाली. "मी ताईकडे जातेय. कायमची. तिथे मी शिकवणार आहे. तुम्हाला यायचं असेल तर या, तिची हरकत नाही. इथेच राहायचं असेल तर राहा. पण इतक्या वर्षांच्या संसारात मी तुम्हाला पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी विचारतेय. मी जाऊ का नको?"

आणि उत्तरासाठी ती थांबली.

काकांनी मान मागे टाकली. पोटातून हशा काढला, भरदार, चढत जाणारा. मांडीवर थाप मारली, चष्मा कपाळावर नेला, डोळे पुसले. मग मोठ्या समाधानाने तिच्याकडे बघून विचारलं, "बरोबर जागेवर आला ना?"

"अगदी बरोबर," ती म्हणाली.

तिने आपला चहा संपवला, कप धुऊन पालथा घातला आणि आतल्या खोलीत जाऊन ताईला फोन लावला. दुपारच्या गाडीने येते, म्हणाली.

"त्यांना सांगितलंस?" ताईने विचारलं.

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"हसले," ती म्हणाली, आणि बॅग काढायला पलंगाखाली वाकली.