मशीनच्या पाठीवरची खाच

खुटबावच्या ज्ञानदेव आण्णांची बायको चांगुणा जाऊन तीन वर्षं झाली, पण तिचा आवाज अजून घरात होता. तो ऐकू येत नव्हता, दिसत होता. पुढच्या खोलीत टेबलावर एक जुनं मशीन होतं, त्याच्या पडद्यावर हिरवी दातेरी रेघ होती. ती रेघ म्हणजे चांगुणा.

आण्णांची सगळी नोकरी शिरूरकडच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. रिटायर होताना लोक भिंतीवरचं घड्याळ घरी नेतात, यांनी लिलावातून हे धूड आणलं. आवाज, धक्का, थरथर, काहीही झालं की आपोआप टिपून ठेवणारं, चाळीसेक वर्षांपूर्वीचं यंत्र. टिपलेलं बाहेर काढायला मागच्या खाचेत चिपा जोडलेलं एक कार्ड लागायचं, आणि ते कार्ड सोन्याच्या मुलाम्यापायी भंगारवाल्याने आधीच उपटून नेलं होतं. आण्णांना त्याचं काही नव्हतं. ते दिवसभर मशीनशी खुडबुड करत बसायचे आणि खुशीत असायचे.

एका खंडेनवमीला मशीनला माईक जोडून ठेवून ते झेंडू आणायला पाटसला गेले. परत आले तर चांगुणाने पक्कड, मीटर, सोल्डरिंग गन सगळ्यांची पूजा उरकली होती, आणि पडद्यावर ही रेघ उमटली होती.

"काय बोललीस गं हिच्यापाशी?" आण्णांनी विचारलं.

"तुमास्नी सांगायचं असतं तर तुमालाच नसतं का सांगितलं?" चांगुणा म्हणाली आणि हसत आत गेली. पुढच्या चैत्रात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

रेघेवर दुसरं काही उमटू नये म्हणून माईक आण्णांनी त्या खंडेनवमीलाच काढून ठेवला होता; ती गेल्यापासून त्यांनी मशीनही बंद केलं नाही. लाइट गेली की रेघ आतल्या एका बारक्या सेलच्या जिवावर टिकायची, आणि तो सेल म्हातारा झाला होता. लाइट परत आली की रेघेचं शेपूट थोडं विस्कटलेलं दिसे. सेल बदलायला जावं तर सगळंच पुसलं जायची धास्ती. काय बोलली ते कळायच्या आत बायको दुसऱ्यांदा मरणार, या भीतीने आण्णा रात्री-अपरात्री उठून पडदा बघून यायचे.

त्यांना दोन घास करून घालायला वडगाव रासाईची थोरली बहीण ताईबाई येऊन राहिली होती. ती त्या खोलीत पाऊल टाकत नसे. "ज्ञाना, गेलेल्या माणसाला असं टांगून ठिवू न्हाई. जाऊ दी तिला."

"ती गेलीच हाय, अक्का. बोलणं तेवढं राह्यलंय."

"मग त्या काचंत हलतंय ते काय?"

रेघ हलत नव्हती. पण ताईबाई तसं म्हणाली त्या दिवसापासून आण्णांनाही ती श्वास घेतल्यासारखी हलताना दिसू लागली. स्वयंपाकघरात भांडं वाजलं की त्यांची नजर आधी पडद्याकडे जाई, मग दाराकडे.

कार्ड बाजारात मिळेना, त्याचा नकाशाही मिळेना. नेटवर परदेशातल्या कुणा हौशी म्हाताऱ्याने तसल्या कार्डाचा एक अंधुक फोटो टाकला होता, तेवढाच आधार. मशीन उघडून, खाचेतल्या एकेका धातूच्या पट्टीवर मागच्या बाजूने मीटरचा प्रोब टेकवत आण्णांनी कुठली पट्टी काय करते ते शोधलं. फोटोवरून चिपा ओळखल्या, पुण्याहून कार्डाची पाटी, म्हणजे पीसीबी, बनवून आणली. डोळ्यात मोतीबिंदू, हाताला कंप, आणि हौस सोल्डरिंगची. वर्ष त्यातच गेलं.

कार्ड बसवून लॅपटॉपला जोडलं. लॅपटॉपवर काहीच येईना. सगळे जोड पुन्हा तपासले, कार्डात दोष सापडेना. शेवटी त्यांनी बॅटरीच्या उजेडात बाहेरून खाचेत डोकावून पाहिलं, तर आत लाल दिसलं.

कुंकू होतं. दर खंडेनवमीला चांगुणा अवजारांना कुंकू लावायची, आणि मशीनच्या पाठीवरची ही रिकामी खाच तिला देवळीसारखी वाटली असावी. चिमूट चिमूट ती आत सोडत आली होती. पट्ट्यांवर त्याचा घट्ट थर बसला होता आणि खाचेच्या काठावर तिच्या बोटाचा ठसा होता.

आण्णा स्पिरिटमध्ये बुडवलेला ब्रश हातात धरून नुसतेच बसले. ताईबाई उंबऱ्याबाहेरून बघत होती.

"सवाशीण गेलीया ती," ताईबाई म्हणाली. "तिचं कुक्कू पुसतूस?"

"पुसल्याबिगर बोलत न्हाई ती."

त्यांनी पुसलं. लाल पाणी मनगटावरून ओघळून बाहीत गेलं. काठावरचा ठसाही गेला, आणि तो जाताना आण्णांना रडू आलं. मग त्यांनी कार्ड पुन्हा बसवलं. लॅपटॉपवर आकडे धावू लागले. ते थांबल्यावर आण्णांनी बटण दाबलं.

आधी खरखर आली, मग बांगड्या वाजल्या. मग चांगुणा बोलली, इतक्या जवळून की ताईबाईने चौकट घट्ट धरली. ती आण्णांशी बोलत नव्हती. मशीनशी बोलत होती.

"बाई गं, दिसभर धरून बसतीस त्यास्नी. मी काय बोलत न्हाई. पर सांजच्याला तरी सोडत जा. मला बी..."

पुढे नुसती खरखर. तेवढं शेपूट सेलबरोबर गेलं होतं.

मग ताईबाई म्हणाली, "ऐकलंस न्हवं? बंद कर आता."

आण्णांनी मान डोलावली आणि पुन्हा बटण दाबलं.

दिवेलागण झाली. ताईबाईने भाकरी थापल्या, ताट वाढलं, हाक मारली. जरा थांबून पुन्हा मारली. पुढच्या खोलीत चांगुणा मशीनला विनवत होती, सांजच्याला तरी सोडत जा म्हणून, आणि तिचं बोलणं तुटलं की आण्णा परत बटण दाबत होते.