चुन्यातली चिमूटभर पिवडी

माझी पहिली मुलगी सहाव्या दिवशी गेली. कावीळ झालेली. ती कावीळ कुणाला दिसलीच नाही, कारण बाळंतिणीच्या खोलीतल्या चुन्यात पिवडी, ती पिवळी माती, घातलेली, झरोका एवढासा, आणि सारखा दिवा लावलेला. त्यात सगळीच पिवळी दिसत, मीसुद्धा. डोळे पिवळे कळले तोवर तिनं दूध सोडलेलं.

दुसऱ्या खेपेला सातवा सरला नि चुना काढायला गडी आला. हे तेव्हा नोकरीला मुंबईला. मी धीर करून सासूबाईंना म्हटलं, या खेपेला पिवडी नको, नीळ घाला. गड्यानं दोन करवंट्यांत चुना कालवला, एकीत चिमूटभर नीळ, एकीत पिवडी, नि भिंतीवर दोन पट्टे ओढले. ओले होते तोवर दोन्ही सारखेच. वाळेपर्यंत मी तिथेच उभी.

"वैनी, दोन्ही पांढरेच हो," गडी हसला. "ताजी-शिळी मासळी पारखायला तुम्हालाच धाडायला हवं."

वाळले तसा फरक दिसला, केसाएवढा. मी हात लावून बघितला. निळीवर माझा हात होता तसाच, काळपट. पिवडीवर हळद लावल्यासारखा.

"निळीवर शेगडीचा धूर चार दिवसांत उठून दिसेल," सासूबाई म्हणाल्या. "तुला भिंत बघायच्येय की पोर?"

"पोरच बघायचंय," म्हटलं नि मला रडू फुटलं.

 सासूबाई गड्याला म्हणाल्या, "पिवडीच काढ रे."

मी पुढे बोलल्ये नाही. बोलायला हवं होतं.

मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी मला तो पिवळा वाटला, पण भिंत पिवळी, माझी बोटं पिवळी, सांगू काय आणि कुणाला? पाचव्या दिवशी दुपारी तो दूध ओढीना. बाळंतीण दहा दिवस उंबरा ओलांडत नाही. मी ओलांडला. पोर छातीशी धरलं नि तशीच अंगणात गेल्ये, उन्हात बसून दुपटं सोडलं.

"अगो, सोयर फिटलं नाही नि बाहेर काय आल्येस!" सासूबाई ओरडत आल्या. पोराकडे बघितलं नि थांबल्या. नखापर्यंत पिवळा होता.

मग त्या वैद्यांकडे स्वतःच धावत सुटल्या, अनवाणी.

मुलगा वाचला. आता चालतो. खोली अजून पिवडीचीच आहे. रोज सकाळी मी त्याला दारात नेत्ये, पापणी ओढून डोळे बघत्ये. तो रडतो, हात झटकतो. रडू दे.