मुलाण्याचा वाटा

आमच्या गावात मराठ्यांच्या घरचं बकरंसुद्धा मुलाण्यानेच कापायचं, अशी रीत होती. न्हावऱ्याच्या जवळचं आमचं गाव, आणि गावचे मुलाणी म्हणजे माझे वडील. चैत्रात देवीची यात्रा आली की पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी बकरी पडायची. त्या दिवशी अब्बा अंघोळ करून, सुरी फडक्यात गुंडाळून निघायचे ते दुपारपर्यंत दारोदार फिरायचे. प्रत्येक बकऱ्यामागे मटणाचा ठरलेला वाटा आमच्या घरी यायचा. अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरल्याशिवाय जुनी माणसं त्या मटणाला हात लावत नसत. देवी त्यांची, नवस त्यांचा आणि नाव आमच्या देवाचं. यात कुणाला काही वेगळं वाटत नसे. शिरूरच्या कॉलेजात जाईपर्यंत मलाही वाटलं नव्हतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. तत्त्वज्ञानाच्या तासाला जगातले धर्म असा एक भाग होता. सर फळ्यावर उभ्या रेघा मारून रकाने करायचे आणि एकेका धर्माचे ग्रंथ, तत्त्वं, विधी लिहून घ्यायचे. मला तो तास फार आवडायचा. एकदा धीर करून मी उठलो, गावची रीत सांगितली आणि विचारलं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

"सर, बकऱ्याला विचारा," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"अजून चालतं हे तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणून खाली बसलो, पण त्या 'अजून'ने मला उगाच धाकधूक लागली.

त्याच हिवाळ्यात माझ्या मोठ्या बहिणीला, आपाला, दौंडचं स्थळ आलं. मुलाचे वडील रेल्वेत, इंजिन शेडला होते. माणसं सरळ होती. आपा त्यांना पसंत पडली. अब्बांबरोबर मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो, तेव्हा चहा झाल्यावर त्यांनी अगदी हळू आवाजात एक अट घातली. घरात आम्ही सगळे आमची गावठी हिंदी बोलतो, इथे मी ते मराठीत लिहितो आहे.

"देवीच्या नावानं सोडलेलं जनावर कापणं आपल्यात हराम आहे," ते म्हणाले. "मशिदीत नवे मौलवी आलेत, ते सारखं सांगतात. यात्रेचं काम तुम्ही सोडा. मग साखरपुडा करू."

मला वाटलं, आपण शिकलो आहोत तर काही बोललं पाहिजे. बळी देण्याची चाल बहुतेक धर्मांत कशी सापडते, हे मी चाचरत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बेटा, तुझ्या पुस्तकात आमच्या मोहल्ल्यातली माणसं आहेत का? मला त्यांच्यात राहायचंय."

अब्बा एवढंच म्हणाले, "बघतो."

इकडे गावातही काहीतरी चाललं होतं. बाहेरगावचा एक माणूस रविवारी तालमीत येऊन बसायला लागला होता. आपल्या देवीचं बकरं दुसऱ्याच्या देवाच्या नावानं कशाला कापायचं, असं तो पोरांना विचारायचा म्हणे. प्राथमिक शाळेपासूनचा माझा एक मित्र माझ्याबरोबरच एसटीने शिरूरला यायचा. आम्ही नेहमी एका बाकावर बसायचो. माघात कधीतरी तो पुढे, ड्रायव्हरच्या मागे बसायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, "पुढं हवा लागती."

दौंडचे मौलवी आणि तालमीतला तो माणूस एकमेकांना कधी भेटलेही नसतील. दोघांना हवं होतं ते एकच.

यात्रा आली. दुसऱ्या दिवशी अब्बांनी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि ओट्यावर बसले. बोलावणं आलं तर जायचं की नाही, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. बहुधा त्यांचंही ठरलं नसावं. एरवी उजाडायच्या आत कुणीतरी हाळी घालायचा, "मुलाणी, चला की, बकरं तुमची वाट बघून म्हातारं झालं." त्या दिवशी हाळी आली नाही. ऊन ओट्यावर चढलं. समोरून माणसं जात होती आणि आमच्या घरापाशी आली की आपसातलं बोलणं थांबवत होती.

खरं तर आम्हाला हायसं वाटायला हवं होतं. नाही न म्हणता अट पाळली गेली होती. पण अब्बा हात मांडीवर ठेवून बसले होते आणि त्यांना बघून आपाने दोनदा चूल विझू दिली. गावभर मटणाचा वास सुटला. आमच्याकडे पिठलं होतं.

दुपारी अम्मी पाण्याला निघाली आणि दारातच थांबली. उंबऱ्यावर पळसाच्या पानात मटण ठेवलेलं होतं, वर दुसरं पान झाकलेलं. मुलाण्याचा वाटा. ठेवणारा दिसला नाही.

"कुणी मायेनं ठेवलं असंल," अम्मी म्हणाली.

"नाहीतर डिवचायला," आपा म्हणाली.

अब्बा त्या पानाकडे बघत राहिले. त्यांनी न कापलेल्या बकऱ्याचं मटण आम्हाला चालत नव्हतं, हे ठेवणाऱ्याला ठाऊक असणार. तेवढ्यापुरतं तरी ते आमच्या घराला ओळखणारं माणूस होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. अब्बांनी परसात खड्डा खणून ते पुरलं. देवीचं मटण कुत्र्यांनी ओढून रस्त्यावर नेलं तर भांडणाला निमित्त होईल, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी शेजारचे आबा आले. अब्बांपेक्षा वयाने मोठे, वावर आमच्या वावराला लागून. त्यांचा नातू विषमज्वरातून उठला होता, त्याचा नवस होता. दोरीला धरून त्यांनी बकरं आणलं होतं.

"काल समद्यांची पोरांनीच कापली," ते म्हणाले. "आमची म्हातारी दुसऱ्याच्या घरी ताटावरनं उठली. म्हणली, बिस्मिल्ला न केलेलं म्हंजी मढं हाय. मी माझं राखून ठिवलंय."

"आबा, पोरीचं जमतंय," अब्बा म्हणाले. "पाव्हण्यांना चालत न्हाई."

आबांनी आमच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "व्हय का? मग ऱ्हाऊ द्या. पोरीपरास नवस मोठा न्हाई." त्यांनी दोरी ओढली आणि ते वळले.

आतून आपा म्हणाली, "अब्बा, त्यांना तसं पाठवू नका. त्या पोराला मी कडेवर खेळवलंय."

"तुला कळतंय ना, काय बोलतेस?"

"कळतंय."

अब्बांनी सुरी मागितली. मीच ती नेऊन दिली.

आबांच्या खळ्यात पोचेपर्यंत तालमीतली पोरं आली होती. माझा मित्रही त्यांच्यात होता. कुणी ओरडलं नाही. ते फक्त वाटेत उभे राहिले.

"चाचा," त्यांच्यातला एक म्हणाला, "देवीच्या बकऱ्यावर आता तुमचं नाव नको."

"माझं नाव मी कवा घेतलं?" अब्बा म्हणाले.

"समजतंय तुम्हाला."

"नवस माझा हाय," आबा मध्ये आले. "बोलताना तुमाला इचारलं व्हतं का म्या? व्हा बाजूला."

ती बाजूला झाली, पण गेली नाहीत. अब्बांनी बकऱ्याला पाणी पाजलं, पश्चिमेला वळवलं, नाव घेतलं. एरवी ते मोठ्याने घ्यायचे. त्या दिवशी त्यांचे फक्त ओठ हलले. सगळं होईपर्यंत माझा मित्र माझ्याकडेच बघत होता. जाताना कुणीतरी म्हणालं, "फुडल्या साली बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अब्बा आणि मी दौंडला गेलो. लपवून लग्न नको, आपणच सांगू, असं अब्बांचं म्हणणं होतं. वाटेत ते काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते. नातवाचं आजारपण आधी सांगायचं, मग म्हातारीचं. तू मध्ये पुस्तकातलं सांगू नकोस, एवढं मला बजावलं.

क्वार्टरचं दार उघडंच होतं. ते गृहस्थ खाटेवर बसले होते, उठले नाहीत. अब्बांनी सलाम करून बोलायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला.

"आम्हाला रात्रीच कळलं. तुमच्या गावचा एक पोरगा सायकलवर आला होता. मशिदीत सांगून गेला."

अब्बांनी नातवाचं आजारपण तरीही सांगितलं. ते ऐकून ते गृहस्थ म्हणाले, "अल्ला त्याला उदंड आयुष्य देवो," आणि खरंच मनापासून म्हणाले. मग लग्नाचं आता जमणार नाही, हेही सांगितलं.

दौंडची अट गावात फुटली होती, हे उघड होतं. परत येताना मी त्याच एका गोष्टीचा विचार करत होतो. तालमीतली जी माणसं मशिदीतल्यांच्या पंगतीलाही बसली नसती, त्यांनी हा निरोप मात्र इतक्या लांब, अंधारात, सायकलवर नेऊन पोचवला होता.

घरी आलो तेव्हा ऊन होतं. आपाने आमच्याकडे बघितलं. आम्ही आत आल्यावर तिने दार लोटलं आणि कडी घातली. आमच्या दाराला दिवसा कडी लागलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. अब्बाही तिला ती काढ म्हणाले नाहीत.