शेजारचं सुतक

डोणगावात ज्यू घर एकच होतं आणि त्या घरात माणूसही एकच. गाव त्यांना नर्सबाई म्हणायचं. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हा लहान मुलीला घेऊन त्या कोकणातून सरकारी दवाखान्यात नोकरीला आल्या. पुढे मुलगी लग्न होऊन इस्रायलला गेली, बाई निवृत्त झाल्या, पण इथून हलल्या नाहीत. त्यांच्या एका बाजूला माझं घर. मी ख्रिस्ती, शाळेत शिकवायचे. दुसऱ्या बाजूला भाभीचं मुसलमान घर. भाभीची सगळी बाळंतपणं नर्सबाईंच्या हातची. शुक्रवारी सांजेला, शनिवारचा त्यांचा शब्बाथ सुरू होताना, बाईंनी तेलाचा दिवा लावला की भाभी भिंतीपलीकडून चिडवायची, "लागला का तुमचा इतवार?"

मग तिकडं इस्रायलमध्ये युद्ध पेटलं. सुरुवातीलाच नर्सबाईंच्या भाच्याचा मुलगा मारला गेला. हे त्यांनी फक्त मला सांगितलं आणि कुणाजवळ बोलू नको म्हणाल्या. थोड्याच दिवसांत भाभीच्या फोनवर गाझातली लेकरं दिसायला लागली, पांढऱ्या कापडात गुंडाळलेली. तिचं जेवणावरचं मन उडालं. तिचा मोठा मुलगा मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यानं आईला बजावलं, त्या घरी पाय ठेवायचा नाही. भाभीनं ऐकलं. पण कालवण केलं की झाकलेली वाटी माझ्या हाती द्यायची आणि मान वळवून घ्यायची. मी ती नर्सबाईंकडं पोचवायचे. त्या जेवायच्या, वाटी घासून द्यायच्या, पण विचारायच्या काही नाहीत.

एका दुपारी गावातली काही माणसं शाल-श्रीफळ घेऊन नर्सबाईंच्या दारात आली. मी तिथंच होते. तुमच्या लोकांनी जगाला दाखवून दिलं, म्हणाले, तुमचा सत्कार करायचाय, फोटो काढायचाय. आवाज मुद्दाम चढवलेला होता, भाभीच्या घरात जाईल असा.

नर्सबाईंनी शालीला हात लावला नाही. "शेजारी सुतक आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याही घरात आहे. सुतकात सत्कार घेत नाहीत."

शेजारी कोण वारलं, असं एकानं विचारलं.

"लेकरं," नर्सबाई म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

त्या दिवसापासून त्यातल्या काहींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. बाजारात लोक तोंड फिरवू लागले. जिच्या हातांनी निम्मं गाव जन्माला आलं, तिला भाजी घेऊन एकटीनं परतताना मी बघितलंय.

भाभीनं भिंतीआडून सगळं ऐकलं होतं. मुलगा दुकानात गेल्यावर ती मागच्या दारानं आली. बाईंच्या भाच्याचा मुलगा मारला गेल्याचं तिला तेव्हा कळलं. "मले काऊन नाही सांगितलं, बाई?" तिनं विचारलं.

"तुझ्यापाशी येऊन रडले असते, तर तू कुणाकुणासाठी रडली असतीस?"

भाभी खाली बसली. ती बाईंच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. मी उठून स्वयंपाकघरात गेले. मलाही तिथं बसवेना.

पुढं नर्सबाईंची छाती भरली. औषधं चालू होती, पण एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. मुलीला फोन लावला. विमानं बंद होती, तिला येता येणार नव्हतं. प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात, तिकडं कुणी मिळेल का, असं तिनं विचारलं. गावात दुसरं ज्यू घर नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

अंघोळ घालायला भाभी पुढं आली. मुलगी फोनवरून सांगत होती, पाण्याची धार मधे तुटू देऊ नका, कापड पांढरं आणि साधं असू द्या. "आमच्यात बी असंच असते," भाभी म्हणाली. मी पाणी देत होते, ती हळू हातानं धूत होती. तेवढ्यात फोनमधून हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा ऐकू आला, लांबलचक, वरखाली होणारा. मुलगी बोलायची थांबली.

भाभीचा हात थबकला. "तिले म्हणा, अंदर जाय," ती मला म्हणाली. मग स्वतःच फोनकडं वाकून म्हणाली, "बेटा, अंदर जाय. तुह्या मायले मी पाहून राह्यली."

फोन तुटला. ती सुखरूप असल्याचा निरोप येईपर्यंत आम्ही दोघी काम करत राहिलो.

आमच्या मोजक्या ख्रिस्ती घरांची दफनभूमी गावाबाहेर आहे. तिथं जागा मागितली. एकदोघांनी कुरकुर केली, पण पाळकांनी होकार दिला. खड्डा भाभीच्या नवऱ्यानं आणि त्याच्या भावांनी खणला. पाळकांनी प्रार्थना केली, आणि माझ्या विनंतीवरून तीत येशूचं नाव घेतलं नाही. त्यांना ते सोपं गेलं नसावं, आवाज अडखळत होता. भाभीचा नवरा शेजारी दुआसाठी हात पसरून उभा होता. कबरीवर आम्ही क्रूस लावला नाही.

भाभीचा मुलगा आला नाही. दुकान मात्र त्या दिवशी त्यानं उघडलं नव्हतं. अजूनही तो नर्सबाईंच्या बंद घरावरून जाताना मान खाली घालून जातो. रागानं की आणखी कशानं, मला कळत नाही. भाभीलाही त्याला विचारवत नाही.