महादूची न दिसणारी पावडर

महाडजवळच्या बिरवाडीत माणूस कुठल्या कंपनीत कामाला आहे हे विचारावं लागत नाही. त्याच्या बनियनकडे बघितलं की कळतं. उमरठ गावचा महादू बावीस वर्षं पिवळा होता. रंगाच्या कारखान्यात पावडर पिशव्यांत भरायचं काम. कानामागे पिवळा, नखांत पिवळा, टाचांच्या भेगांत पिवळा. नवरदेवाची हळद चार आंघोळींत उतरते, महादूची बावीस वर्षांत उतरली नव्हती. त्याची बायको सुंदराबाई भाड्याच्या खोलीमागे दगडावर त्याचे कपडे आपटायची, पिवळं पाणी गटाराला लागायचं आणि ती समाधानाने पुढचा शर्ट घ्यायची. कोणाची काही तक्रार नव्हती.

मग दोन हजार सहा साली कंपनीने नवं खातं काढलं आणि जुना, भरवशाचा माणूस म्हणून महादूला तिकडे हलवलं. काचेची दारं, थंडगार खोली. सुशांत नावाच्या तरुण केमिस्टने सगळ्यांना समोर बसवून समजावलं, "हे नॅनो. डोक्यावरचा एक केस घ्या. त्याच्या जाडीचे दोन हजार भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे आपल्या पावडरचा कण."

महादूने टकलावरून हात फिरवला आणि मनातल्या मनात शेजाऱ्याचा केस घेतला.

ही पावडर रंगात घातली की भिंत पावसात आपोआप धुऊन निघेल, कापडाला लावली तर डाग बसणार नाही, आणि पुढेमागे असलेच कण औषध घेऊन थेट कॅन्सरच्या गाठीपर्यंत जातील, असं सुशांतने सांगितलं. महादू भारावून गेला. पुढचे आठ दिवस त्याने चाळीत कोणाला सुखाने चहा पिऊ दिला नाही. भिंती धुऊन निघाल्या, कॅन्सर बरा झाला, फक्त हा माणूस समोरून उठायचं नाव घेईना.

घरात मात्र भलतंच सुरू झालं. कपड्यांतून स्वच्छ पाणी निघू लागलं.

"अवो, कामावर जाता का नाय?" सुंदराबाईने विचारलं.

"जातो ना. ही पावडर पिशवीत दिसते, उडाली की दिसत नाय."

"मंग उडते का नाय?"

"उडते. पण दिसत नाय."

"बावीस वर्षांत असलं काय बोलला नव्हता," सुंदराबाई म्हणाली आणि शर्ट पुन्हा एकदा आपटला, काही निघतंय का बघायला.

अशात त्यांची मुलगी उज्वला बाळंतपणाला माहेरी आली. महाडच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली, पनवेलला दिलेली. मुलगी झाली. मायलेकी दवाखान्यातून घरी आल्या त्या दिवशी महादू पाळी संपवून तडक आला आणि दारातूनच हात पुढे केले. उज्वला नातीला त्याच्या हातात देणारच होती. पण बोलता बोलता तिने विचारलं, "बाबा, आता कुठल्या खात्यात आहात?" आणि या गृहस्थाने अभिमानाने केसापासून सगळं व्याख्यान दिलं.

उज्वलाने बाळ मागे घेतलं. "बाबा, साधी धूळ नाकात अडकते, शिंकलं की बाहेर येते. ही इतकी बारीक. ही कुठे अडकणार? फुप्फुसात जात असेल."

"कंपनी बोलते धोका नाय."

"लिहून दिलंय?"

"गो, तू लहान होतीस तवा मी हळदीच्या गाठोड्यासारखा यायचो. तसाच तुला उचलायचो. तुझ्या फ्राकवर माझी पाच बोटं उठायची."

"ती दिसायची म्हणून आई धुवायची. ही पावडर आई कशी धुणार?"

महादू मागे सरकून उंबऱ्यावर बसला. याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं, म्हणून प्रत्येकाने दिलं. शेजारचा टेम्पोवाला मुजम्मिल म्हणाला, "चाचा, मी पेपरात वाचलंय. शास्त्रज्ञ असली बारीक यंत्रं करणार. ती आपली आपण पोरं घालणार आणि सगळ्या दुनियेचा भुगा करणार."

"करू दे रे," महादू वैतागून म्हणाला. "त्याच्या आधी मला एकदा नातीला घेऊ दे."

दहा दिवस तो उंबऱ्यावर बसून नातीला लांबून बघत होता. अकराव्या दिवशी तो सुशांतसमोर उभा राहिला.

"साहेब, धोका नाय असं लिहून द्या."

"काका, धोका आहे असं सिद्ध झालेलं नाही."

"मंग नाय असं झालंय?"

"तेही नाही. परदेशात उंदरांवर प्रयोग चाललेत."

"उंदरांचं कवा आटपंल?"

"काही वर्षं लागतील."

"तवर माझी नात शाळेत जाईल." महादू जायला वळला आणि थांबला. "तुम्हाला पण लहान पोर हाय ना? घरी जाऊन उचलता त्याला?"

सुशांत काचेकडे बघू लागला. "आंघोळ करून," तो हळूच म्हणाला.

"कुठं?"

"इथेच. गेस्ट हाऊसमध्ये. कामाचे कपडे घरी नेत नाही."

"आणि आम्हाला का नाय सांगितलंत?"

"तुम्ही घाबरला असता, काका."

बावीस वर्षांत महादूचा आवाज कधी यंत्राच्या वर गेला नव्हता. तेव्हाही गेला नाही. दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर तो खांद्यावर टॉवेल, एका हातात साबणाची डबी, दुसऱ्या हातात धुतलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन गेस्ट हाऊसच्या पायरीवर जाऊन बसला. मागे खात्यातले अकरा जण, तसेच. मॅनेजर धावत आले. ही जागा पाहुण्यांसाठी आहे म्हणाले.

"असेच घरी जातो, साहेब," महादू म्हणाला. "तुम्ही फक्त लिहून द्या, पोराबाळांना काय होनार नाय."

त्या संध्याकाळी अख्ख्या ऑफिसात कोणाकडे पेन सापडलं नाही. बारा जणांनी ओळीने आंघोळी केल्या, कपडे तिथेच ठेवले. पुढे जुन्या गोदामात आंघोळीसाठी नळ टाकायचं काम निघालं म्हणतात.

महादू घरी आला तो पांढऱ्या शर्टात, केस असते तर भांग पाडून आला असता. त्याने सगळी हकिगत सांगितली. उज्वलाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बसा. हात पुढे करा."

त्याने हात पुढे केले. तळवे बघितले. उलटे करून बघितले. "थांब, परत धुवून येतो."

आला, पुन्हा बघितले, पुन्हा मोरीकडे गेला. तिसऱ्या खेपेला सुंदराबाई म्हणाली, "अवो, पोरगी आता कालेजात जाईल."

शेवटी उज्वलाच उठून त्याच्यापाशी गेली. तेव्हा महादूने दोन्ही मुठी घट्ट मिटल्या आणि पावडरची पिशवी घेतात तसं नातीला कोपरापासून मनगटापर्यंत हातांवर तोलून घेतलं. बोट कुठेही लागू न देता. हात भरून आले, सुंदराबाईने दोनदा ताट वाढलंय म्हणून सांगितलं, पण त्याने नातीला खाली ठेवलं नाही, आणि मुठीही उघडल्या नाहीत.